राखेआधीचा मुक्काम

एप्रिलमध्ये मेळघाटच्या किंवा चंद्रपूरच्या सागवनातून वणवा सरकून गेला की दुसऱ्या दिवशी जमिनीवर तीन रंग दिसतात. जिथे नुसता पालापाचोळा होता तिथे करड्या राखेचा पातळ थर उरतो. तो पहिल्या वाऱ्यालाच उडू लागतो. जाड फांद्या आणि जुने बुंधे काळे ठिक्कर पडलेले असतात. कुऱ्हाडीने वरची खपली काढली तर आत लाकूड ताजे निघते. मधूनच पांढऱ्या राखेचा एखादा लांबट पट्टा लागतो. तिथे वाळवीने पोखरलेला ओंडका आडवा पडलेला होता आणि तो रात्रभर धुमसून पुरता संपला.

रान एक, आग एक, दिवसही एकच. तरी पानाची राख झाली, बुंध्याचा कोळसा झाला आणि ओंडक्याचे काहीच उरले नाही. ‘आग किती तापली’ एवढ्याच प्रश्नात या फरकाचे उत्तर सापडत नाही. लाकडाची घडण आणि आचेची रीत यांच्या मेळातून कोळसा तयार होतो. हा मेळ समजून घेणे गरजेचे आहे, कारण झाडातला कार्बन लगेच हवेत जाणार की शेकडो वर्षे मातीत राहणार, याचा निकाल तिथेच लागतो.

लाकूड थेट जळत नाही

आपण म्हणतो लाकूड जळते. प्रत्यक्षात ज्वाला लाकडाची नसते. आच लागली की लाकडातले मोठे रेणू तुटतात आणि त्यांतून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. या वायूंची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते तिथे ज्वाला दिसते, म्हणून ती लाकडाच्या पृष्ठभागापासून किंचित वर नाचते. वायू निघून गेल्यावर मागे राहतो तो बहुतांशी कार्बनचा सांगाडा. हाच कोळसा.

कोळसाही जळतो, पण त्याची रीत निराळी. त्यातून फारसा वायू निघत नाही, म्हणून ज्वाला नसते. ऑक्सिजन थेट पृष्ठभागापर्यंत पोचला तरच तो लाल होतो, निखारा बनतो आणि हळूहळू राख होतो. लाकडापासून राखेपर्यंतच्या वाटेवर कोळसा हा मधला मुक्काम आहे. वणव्यानंतर जंगलात दिसणारा प्रत्येक काळा तुकडा म्हणजे त्या मुक्कामी थांबलेली आग.

ती थांबते का? जोवर लाकडातून वायूंचा लोट बाहेर येत असतो, तोवर ऑक्सिजनला पृष्ठभागापर्यंत शिरकाव मिळत नाही. ज्वाला पेटलेली असते आणि तिच्याच आडोशाला कोळसा सुरक्षित असतो. लोट ओसरला की ऑक्सिजन आत येतो आणि निखारा फुलतो. निखाऱ्यातून निर्माण होणारी उष्णता आजूबाजूला निसटणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असेल तर तो राख होईपर्यंत धगधगतो; कमी असेल तर विझतो आणि कोळसा शिल्लक राहतो. चुलीतली पेटती लाकडे एकमेकांपासून ओढून दूर केली की विझतात, ती याच कारणाने. जंगलातही एकटी फांदी काळी होऊन विझते, पण दोन ओंडके एकमेकांना टेकून पडले असतील तर ते परस्परांना तापवत राहतात आणि दोघांचीही राख होते. पोखरलेल्या ओंडक्यात तर आतल्या भिंती समोरासमोर असतात आणि पोकळीतून वारा खेळतो. म्हणूनच त्याच्या जागी नुसता पांढरा पट्टा उरतो.

तीन घटक, तीन स्वभाव

कोणत्याही झाडाचे लाकूड मुख्यतः तीन पदार्थांचे असते. कोरड्या लाकडाच्या वजनात सेल्युलोज साधारण ४० ते ५० टक्के, हेमिसेल्युलोज २० ते ३० टक्के आणि लिग्निन २० ते ३० टक्के. सेल्युलोजचे लांब धागे पेशीभित्तिकेला ताण सोसण्याचे बळ देतात, हेमिसेल्युलोज त्यांना एकमेकांशी बांधून ठेवते, आणि लिग्निन मधल्या फटी भरून सगळे कडक करते. झाड शंभर फूट उंच उभे राहते ते या तिघांच्या भागीदारीवर. आच लागल्यावर मात्र तिघे आपापल्या वाटेने जातात.

सर्वांत आधी हेमिसेल्युलोज हार मानते. साधारण २२० ते ३१५ अंश सेल्सिअस या टप्प्यात ते तुटते. धुराचा डोळ्यांना झोंबणारा आंबूस वास येतो त्यात अॅसेटिक आम्लाचा मोठा वाटा असतो आणि ते बरेचसे हेमिसेल्युलोजमधून निघालेले असते. मागोमाग ३१५ ते ४०० अंशांच्या दरम्यान सेल्युलोज झपाट्याने विघटित होते. लाकडाचे सर्वाधिक वजन याच टप्प्यावर घटते. लिग्निनला घाई नसते. त्याचे विघटन १६० अंशांच्या आसपास सुरू होते आणि ९०० अंशांपर्यंत रेंगाळत राहते. लिग्निनमध्ये कार्बनची षटकोनी कडी आधीपासूनच असतात आणि कोळशाची घडणही तशाच कड्यांची असते. त्यामुळे सारख्या वजनाच्या सेल्युलोजपेक्षा लिग्निनमधून कोळसा जास्त उरतो.

सेल्युलोजचे वागणे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्याच्यापुढे दोन वाटा असतात. त्याच्या रासायनिक सूत्रात कार्बनच्या सहा अणूंमागे हायड्रोजन आणि ऑक्सिजन इतके असतात की त्यांतून पाण्याचे पाच रेणू बनावेत. आच मंद असेल तर सेल्युलोज हे पाणी सोडत जाते आणि कार्बन मागे ठेवते: कोळसा जास्त, ज्वाला कमी. आच अचानक आणि तीव्र असेल तर साखळी तुटून लेव्होग्लुकोसान नावाचे लहान रेणू वाफ होऊन बाहेर पडतात आणि ज्वालेला खाद्य पुरवतात: ज्वाला जास्त, कोळसा कमी. एकाच लाकडातून किती कोळसा निघेल हे आच किती वेगाने चढली यावर ठरते ते असे. हवेतून दूरवर गेलेले लेव्होग्लुकोसान ध्रुवीय बर्फाच्या थरांतही सापडते आणि प्राचीन वणव्यांची खूण म्हणून शास्त्रज्ञ ते मोजतात.

या दोन वाटांचा उपयोग माणसाने मोठ्या हुशारीने केला आहे. अमेरिकेत वणव्यावर विमानातून लाल रंगाचे द्रावण टाकतात. त्यात अमोनियम फॉस्फेटसारखी द्रव्ये असतात. ती सेल्युलोजला कोळशाच्या वाटेला लावतात, त्यामुळे ज्वलनशील वायूच कमी निघतो. आग पुढे सरकते ती ज्वालेच्या बळावर, म्हणून ज्वाला खचली की आगीचा वेग मोडतो. झाडातल्या नैसर्गिक क्षारांचा, विशेषतः पोटॅशियमचा, परिणाम याच दिशेचा असतो. पोटॅशियम असेल तर कमी तापमानालाच कोळसा धरू लागतो.

झाडागणिक फरक

आता या तीन घटकांचे प्रमाण झाडागणिक बदलते. चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांत लिग्निन साधारण २५ ते ३५ टक्के असते, तर समशीतोष्ण प्रदेशातल्या रुंदपर्णी वृक्षांत १८ ते २५ टक्के. उष्ण प्रदेशातल्या कित्येक रुंदपर्णी झाडांत ते याहून जास्त भरते. सागात ३० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही गटांचे हेमिसेल्युलोजही वेगळे. रुंदपर्णी झाडांत मुख्यतः झायलान असते आणि ते लवकर फुटते. बाकी सारे समान ठेवले तर जास्त लिग्निनचे लाकूड जास्त कोळसा देते.

पण जंगलात बाकी सारे समान कधीच नसते. घनतेचा मुद्दा तितकाच वजनदार आहे. पेशीभित्तिकेचा मूळ पदार्थ सर्व झाडांत जवळजवळ सारख्याच घनतेचा असतो, एका घन सेंटीमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास. काटेसावर आणि पांगारा हलके का आणि खैर, धावडा जड का, याचे कारण पोकळीत आहे. सावरीच्या पेशी मोठ्या, त्यांच्या भिंती पातळ आणि मध्ये हवा भरपूर. खैराच्या भिंती जाड आणि पोकळी चिंचोळी. हलक्या लाकडाचा पृष्ठभाग चटकन तापतो, वायू चटकन सुटतो, आणि उरलेला कोळसा इतका सच्छिद्र असतो की ऑक्सिजन त्यात सहज शिरतो. जड लाकूड तापायला वेळ घेते आणि त्याचा कोळसा घट्ट, वजनदार निघतो.

कोळसा पाडणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. महाराष्ट्रात लाकडी कोळशाला आजही लोणारी कोळसा म्हणतात, कारण लोणारी समाजाचा तो परंपरागत व्यवसाय. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी कातकरी कुटुंबे हंगामभर कोळसाभट्ट्यांवर राबत आली आहेत, पुष्कळदा उचल घेतलेल्या पैशांच्या ओझ्याखाली. बाभूळ, खैर, धावडा यांचा कोळसा टिकून जळतो आणि सावर-पांगाऱ्याचा भुसभुशीत होतो, हे ज्ञान प्रयोगशाळेच्या आधी या माणसांच्या हातांत होते. त्या श्रमाचे मोल त्यांच्या पदरात कधी नीट पडले नाही, ही या विषयातली दुखरी बाजू आहे आणि ती विसरून चालणार नाही.

राळ हा तिसरा मुद्दा. उत्तराखंडच्या डोंगरांत चिडाची वने आहेत. चिडाच्या वाळलेल्या सुयांना तिथे पिरूल म्हणतात. त्यांचा थर उन्हाळ्यात जमिनीवर जाड साचतो. सुया बारीक, राळेने भरलेल्या आणि त्यांच्यामधून हवा खेळती. त्या भडकून जळतात आणि त्यांचा कोळसा क्वचितच शिल्लक राहतो. राळ काढण्यासाठी खोडाला पाडलेल्या खाचांतही राळ साठलेली असते. आग तिथे पोचली की खोडालाच धरते. चिडाच्या लाकडात लिग्निन भरपूर, पण त्याच झाडाच्या सुयांची मात्र राख. म्हणजे ‘झाड कोणते’ इतकेच विचारून भागत नाही; झाडाचा कोणता भाग जळला हेही विचारावे लागते.

जाडीचा प्रश्न इथे येतो. सागाचे वाळलेले पान काही सेकंदांत आरपार तापते. वायू भसकन निघून जातो आणि उरलेल्या पातळ कोळशाला चारही बाजूंनी ऑक्सिजन भिडतो. बोटाएवढ्या काटकीचा कोळसा होऊ शकतो, तोही पुष्कळदा जळून जातो. मनगटाएवढ्या फांदीपासून पुढे मात्र बाहेरचा कोळसा आतल्या लाकडाचे रक्षण करू लागतो, कारण कोळशातून उष्णता फार सावकाश आत जाते. इमारतीच्या लाकडावरील चाचण्यांत दिसते की सूचिपर्णी लाकडात कोळशाची सीमा मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर आत सरकते, आणि घट्ट रुंदपर्णी लाकडात सुमारे ०.५ मिलिमीटर. ही सीमा ३०० अंशांच्या आसपास असते. तिच्यापासून सहा मिलिमीटर आत तापमान १८० अंशांच्या जवळ येते आणि तेरा मिलिमीटर आत १०० अंशांच्या. बाहेर ज्वाला आठशे अंशांची असली तरी बुंध्याच्या पोटात तिची खबरही नसते.

शेवटचा मुद्दा ओलाव्याचा. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. ओल्या लाकडात आगीची बरीच कमाई यातच खर्च होते, आणि पाणी आहे तोवर त्या भागाचे तापमान १०० अंशांवर अडून राहते. फेब्रुवारीत लागलेल्या वणव्याने आणि मेअखेर लागलेल्या वणव्याने त्याच ओंडक्याचे वेगवेगळे हाल होतात ते यामुळे.

आचेच्या पायऱ्या

सगळा कोळसा एकसारखा काळा दिसतो, पण ‘कोळसा’ या एका नावाखाली बरेच वेगवेगळे पदार्थ येतात. लाकडाच्या कोरड्या वजनात कार्बन साधारण निम्मा असतो. ३०० अंशांच्या आसपास झालेल्या कोळशात तो ६५ ते ७० टक्के भरतो, ५०० अंशांना ८० टक्क्यांच्या पुढे जातो आणि ७०० च्या वर ९० टक्के ओलांडतो. त्याच वेळी एकूण वजन घटत जाते. म्हणजे आच जितकी चढी, तितका कोळसा थोडा पण शुद्ध.

आतली घडणही पायरीपायरीने बदलते. ३०० अंशांच्या कोळशात सेल्युलोजचे अवशेष शिल्लक असतात. तो तपकिरी छटेचा, किंचित चिवट असतो. ४०० च्या पुढे जुनी साखळी पुरती मोडते आणि कार्बनची षटकोनी कडी एकमेकांना जोडून लहान लहान पत्रे बनू लागतात. ६००-७०० अंशांच्या पुढे हे पत्रे इतके वाढतात की कोळशातून वीज वाहू लागते; कमी आचेचा कोळसा मात्र वीजरोधक असतो. जपानमध्ये उबामे ओकच्या लाकडापासून बिंचोतान नावाचा कोळसा करतात. शेवटी त्याला हजार अंशांच्या आसपास आच देतात. त्याच्या दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या की धातूसारखा खणखणीत आवाज येतो.

मग आच आणखी वाढवत नेली तर लाकडी कोळशाचे ग्रॅफाइट होईल का? या प्रश्नाच्या उत्तराचा पाया घातला रोझलिंड फ्रँकलिन यांनी. डीएनएच्या क्ष-किरण छायाचित्रांमुळे त्यांचे नाव जगाला माहीत आहे, पण त्याआधीची त्यांची बरीच वर्षे कोळशाच्या अभ्यासात गेली. १९५१ मध्ये त्यांनी दाखवले की कार्बनचे दोन प्रकार असतात: एक तापवल्यावर ग्रॅफाइट होणारा आणि दुसरा ३००० अंशांपर्यंत तापवला तरी न होणारा. लाकडी कोळसा दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याचे कार्बनचे पत्रे चुरगळून एकत्र कोंबलेल्या कागदांसारखे आडवेतिडवे अडकलेले असतात आणि त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. कितीही आच दिली तरी ते सरळ होऊन थप्पीने रचले जात नाहीत. झाडाने पेशी घडवताना जी गुंतागुंत केली तिचा वारसा कोळशातही टिकतो.

या सूक्ष्म पोकळ्यांमुळे कोळशाला अफाट पृष्ठभाग मिळतो. कमी आचेच्या एका ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग काही चौरस मीटर असतो. ६००-७०० अंशांच्या कोळशात तो काहीशे चौरस मीटरपर्यंत जातो. मातीत पडल्यावर तो कोळसा किती पदार्थ स्वतःकडे ओढून धरेल, हे यावर अवलंबून असते.

भट्टी आणि वणवा

कोळसाभट्टीत लाकडे रचून वर गवत-पाला आणि माती घालतात, आत हवा मोजकीच जाऊ देतात. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे पाण्याची वाफ. पुढे त्याचा रंग बदलतो, शेवटी तो विरळ निळसर होतो आणि मग कसलेला भट्टीवाला हवेची भोके बुजवतो. शंभर किलो लाकडातून अशा भट्टीत साधारण दहा ते पंचवीस किलो कोळसा हाती येतो. म्हैसूर संस्थानात भद्रावतीच्या लोखंड कारखान्याने १९२३ पासून जंगलातल्या लाकडी कोळशावर झोतभट्टी चालवली. तिथे लाकूड बंद भांड्यात तापवून निघणाऱ्या वाफांतून मिथेनॉल आणि अॅसिटेटही मिळवत. भट्टीत आच मंद, वेळ भरपूर आणि हवा माणसाच्या ताब्यात असते.

वणव्यात यातले काहीच ताब्यात नसते. ज्वालेचे तापमान भट्टीपेक्षा कितीतरी जास्त, पण एका जागी तिचा मुक्काम काही मिनिटांचा. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशात २०१२ मध्ये जॅक पाइनच्या जंगलात एक मोठी प्रायोगिक आग लावली गेली. क्रिस्टिना सांतिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आगीआधी आणि आगीनंतर जंगलातल्या कार्बनचा हिशेब मांडला. आगीच्या तडाख्यात सापडलेल्या कार्बनपैकी सुमारे २७ टक्के कार्बन कोळसा आणि तत्सम अर्धवट जळलेल्या रूपांत मागे राहिला होता. एवढा मोठा वाटा आधी कोणी धरला नव्हता. त्यांनी आणखी एक तुलना केली. त्याच प्रकारच्या लाकडापासून आणि पाल्यापासून भट्टीत मंद आचेवर केलेला कोळसा आणि वणव्यातला कोळसा शेजारी ठेवले. वणव्याचे कमाल तापमान काही ठिकाणी ९०० अंशांच्या पुढे गेलेले असूनही त्यातला कोळसा मातीत टिकण्याच्या दृष्टीने भट्टीतल्या कोळशापेक्षा उणा ठरला. तापमान उंच होते, पण ते लाकडात मुरायला वेळच मिळाला नव्हता.

या निकालाचा अर्थ मोठा आहे. वणवा जितका प्रखर तितका कोळसा पक्का, हे सरळ वाटणारे गणित चुकते. तापमानाइतकाच वेळ मोजावा लागतो आणि लाकडाची जाडी, घनता, ओलावाही मोजावा लागतो.

कोळशातून जुना वणवा वाचणे

कोळशाचे आणखी एक मोल आहे. जिवाणू आणि बुरशी लाकूड काही वर्षांत खाऊन टाकतात. कोळशाला त्या सहज हात लावत नाहीत. त्यामुळे लाकडाची पेशीरचना कोळशात जशीच्या तशी राहते. कोळशाचा तुकडा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की सागाच्या वाढीच्या वलयात ओळीने मांडलेल्या मोठ्या वाहिन्या दिसतात. सूचिपर्णी लाकडात अशा वाहिन्या नसतात, तिथे अरुंद पेशींच्या सरळ रांगा आणि राळेच्या नळ्या दिसतात. पुराणवस्तू अभ्यासक याच पद्धतीने जुन्या वस्त्यांमधले सरपण आणि घराचे वासे कोणत्या झाडाचे होते ते सांगतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात सापडलेले जवाचे दाणेही करपून कोळसा झाल्यामुळेच तीन हजार वर्षे टिकले.

झाडाबरोबर आचही वाचता येते. लाकडाच्या शेजारशेजारच्या पेशींमध्ये लिग्निनयुक्त सांधा असतो. साधारण ३२५ अंशांच्या पुढे तो नाहीसा होतो आणि दोन पेशींच्या भिंती एकजीव दिसू लागतात. दुसरे साधन म्हणजे चकाकी. कोळशाचा तुकडा घासून गुळगुळीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर प्रकाश पाडला तर किती प्रकाश परततो हे मोजता येते. आच जितकी जास्त तितकी चकाकी वाढते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात अँड्र्यू स्कॉट आणि इयन ग्लासपूल यांनी हे मोजमाप पक्के केले. पुढे एक्सेटर विद्यापीठात क्लेअर बेल्चर यांच्या गटाने दाखवले की चकाकीला निव्वळ तापमापक समजणे अपुरे आहे. लाकडाला किती वेळ, किती उष्णता मिळत राहिली, ज्वाला विझल्यावर निखारा किती धुमसला, हे सारे तिच्यात उतरते.

दगडी कोळशाच्या थरांत कधी कधी मऊ, तंतुमय, हाताला काळे फासणारा पट्टा लागतो. १९१९ मध्ये मेरी स्टोप्स यांनी त्याला फ्युझेन हे नाव रूढ केले. संततिनियमनाच्या कार्यामुळे प्रसिद्ध झालेल्या याच त्या स्टोप्स. मूळच्या त्या जीवाश्म वनस्पती आणि कोळशाच्या अभ्यासक. फ्युझेन म्हणजे प्राचीन वणव्यातला लाकडी कोळसा, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. चंद्रपूर-वणी परिसरातला दगडी कोळसा पर्मियन काळातल्या, म्हणजे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या, ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांतून आला. भारतातल्या त्या काळाच्या कोळशात असे जळके घटक विपुल आहेत. ज्या जिल्ह्यात आज दर उन्हाळ्यात वणवे लागतात, त्याच जिल्ह्याच्या पोटात त्या अतिप्राचीन वणव्यांचा पुरावा आहे.

या पुराव्यावरून हवेचाही अंदाज बांधता येतो. हवेत ऑक्सिजन साधारण १५-१६ टक्क्यांच्या खाली असेल तर आग पसरू शकत नाही. आज तो २१ टक्के आहे. म्हणजे जिथे जिथे जीवाश्म कोळसा सापडतो, तिथे त्या काळी ऑक्सिजन किमान तेवढा होताच. सर्वांत जुना असा कोळसा वेल्स आणि पोलंडमध्ये मिळाला आहे, सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा पृथ्वीवर झाडे उगवलीच नव्हती. होत्या त्या काही सेंटीमीटर उंचीच्या वनस्पती आणि प्रोटोटॅक्सायटिस नावाचे खांबासारखे वाढणारे, बहुधा बुरशीवर्गीय जीव. जमिनीवर जळण्याजोगे काही उगवले आणि आग लगोलग हजर झाली.

मातीतली ठेव

जगभरचे वणवे दरवर्षी सुमारे २५.६ कोटी टन कार्बन कोळशाच्या आणि तत्सम रूपांत मागे ठेवतात, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. वणव्यांतून हवेत जाणाऱ्या कार्बनच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे १२ टक्के आहे. यातला काही भाग मातीत राहतो, काही पावसाबरोबर ओढ्या-नद्यांत उतरतो. जगातल्या नद्या दरवर्षी सुमारे २.६५ कोटी टन विरघळलेला जळका कार्बन समुद्रात नेतात.

ही ठेव किती काळ टिकेल, हे पुन्हा झाड आणि आच यांच्याकडेच येते. कोळशात कार्बनच्या तुलनेत ऑक्सिजन किती उरला आहे, हे त्याच्या आयुष्याचे चांगले माप आहे. पाच कार्बन अणूंमागे ऑक्सिजनचा एकही अणू पुरता नसेल, तर असा कोळसा निम्मा व्हायला हजार वर्षांहून जास्त काळ लागतो असा अंदाज आहे. ऑक्सिजन भरपूर उरलेला, कमी आचेचा, तपकिरी कोळसा शंभर वर्षांच्या आतही निम्मा होऊ शकतो.

मातीत असताना कोळसा नुसता पडून राहत नाही. स्वीडनच्या उत्तरेकडील जंगलांत डेव्हिड वॉर्डल, ओले झाक्रिसन आणि मारी-शार्लोट निल्सन यांना १९९० च्या दशकात आढळले की काही झुडपे मातीत सोडत असलेली फिनॉलवर्गीय द्रव्ये कोळसा शोषून घेतो. त्यामुळे नायट्रोजनचे चक्र मोकळे होते आणि बर्चची रोपे तरारून वाढतात. २००८ मध्ये त्याच गटाने दहा वर्षांच्या प्रयोगाचा निष्कर्ष सांगितला. कोळशाच्या सान्निध्यात आजूबाजूचा सेंद्रिय कुजका थर अधिक वेगाने नाहीसा झाला होता. कोळसा स्वतः कार्बन राखतो आणि शेजारचा कार्बन खुला करण्यास मदतही करतो. हिशेबात दोन्ही बाजू धराव्या लागतात.

आपल्या जंगलांसाठी यातून काय निघते? महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत. बहुतेक आगी जमिनीलगतच्या. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावली जाते, आणि ती पुढे आवरत नाही. अशा आगीत जळतो तो मुख्यतः पाला, गवत आणि काटक्या. त्यांची बहुतांशी राख होते. बुंध्यांवर जो थर चढतो तो पातळ, थोड्या वेळात धरलेला. पुढच्या वर्षी पुन्हा आग आली की पृष्ठभागावर उरलेल्या कोळशातलाही काही जळून जातो. म्हणून वणव्याने शेवटी कार्बन मातीतच जातो, या समजुतीवर विसंबून दरवर्षीच्या आगी सोडून देता येणार नाहीत. ज्या लाकडातून टिकाऊ कोळसा होऊ शकतो ते जाड, घट्ट लाकूड तयार व्हायला दशके लागतात, आणि दरसालचा वणवा नेमकी त्याची रोपेच मारतो.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपते आणि वनखात्याला तत्काळ कळवते. वनरक्षक आणि वनमजूर जाळरेषा काढून, हातात हिरव्या फांद्या घेऊन त्या आगी थोपवतात. हे काम अमोल आहे. त्याच्या जोडीला आग विझल्यावरची नोंदही हवी: कोणती झाडे, किती जाडीची, किती ओली असताना, किती वेळ धुमसली आणि मागे काय उरले. किती हेक्टर जळाले या आकड्यातून नुकसानीचा विस्तार कळतो. जंगलाने किती कार्बन कायमचा गमावला आणि किती मातीत राखला, हे मात्र कोळशाचा तुकडा उचलून तपासल्याशिवाय कळणार नाही. विदर्भातल्या आणि सह्याद्रीतल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना साध्या सूक्ष्मदर्शकाने हे काम सुरू करता येईल, आणि ते आता सुरू व्हायला हवे.